ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलताना: भरायचा नट आधी, काढायचा नंतर

घरी गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला गेलेल्यांची गाडी बिघडते ती बहुधा एकाच कारणानं. इंजिन ऑइलची पद्धत ते गिअरबॉक्सला लावतात. खालचा नट खोलला, ऑइल सोडलं, नट आवळला, वरून डबा ओतला, झालं. इंजिनाला हे चालतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चालत नाही, कारण तिथलं ऑइल नुसतं वंगण नसतं. आतले क्लच त्याच ऑइलच्या दाबावर धरले आणि सोडले जातात, इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग) त्याच ऑइलमधून पुढं जाते आणि गिअरबॉक्सची उष्णताही तेच बाहेर आणतं. म्हणून इथं तीन गोष्टींना तडजोड नाही: ऑइलचा नेमका प्रकार, आत घुसणारी घाण आणि ठरावीक तापमानाला तपासलेली पातळी.

आपल्या भागात हे काम टाळून चालत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड या घाटांतून वर्षभर गोवा आणि कोकणात येत-जात असतात. चढावर भरलेली गाडी हळू चालते, टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ऑइल तापतं. कंपनीच्या पुस्तकात ‘कठीण वापर’ म्हणून वेगळा रकाना असतो, त्यात डोंगराळ रस्ते येतात. बदलण्याचं अंतर त्या रकान्यातलं धरा. ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असं कुणी सांगितलं तर पुस्तकात स्वतः बघा.

दोन प्रकारच्या गाड्यांनी मात्र इथंच थांबावं. वॉरंटीतल्या गाडीचं हे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करा आणि बिल जपून ठेवा. आणि ज्या गाडीचा गिअर आत्ताच घसरतोय, म्हणजे अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, तिला ऑइल बदलून बरं वाटणार नाही. ती आधी जाणकाराला दाखवा.

## टप्पा १: गिअरबॉक्स कोणता आहे ते ठरवा

क्लचचं पेडल नसलं की आपल्याकडं सगळ्याच गाड्यांना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. आत मात्र चार निरनिराळी यंत्रं असू शकतात.

१. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार, एक्सयूव्ही ७००, क्रेटा डिझेल, नवी ब्रेझा आणि अर्टिगा यांच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या या गटातल्या. पुढचे सगळे टप्पे मुख्यतः यांच्यासाठी आहेत.

२. सीव्हीटी. होंडा सिटी आणि अमेझच्या अलीकडच्या ऑटोमॅटिक, जुनी बलेनो सीव्हीटी. कामाचा क्रम जवळपास हाच, पण ऑइल पूर्ण वेगळं. आत पट्टा आणि कप्पी यांची पकड असते. साधं एटीएफ, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकचं ऑइल, घातलं तर ती पकड जाते आणि पट्टा घासून गिअरबॉक्स कायमचा निकामी होऊ शकतो.

३. एएमटी, मारुतीत याला एजीएस म्हणतात. वॅगन-आर, स्विफ्ट, डिझायर, टियागो यांत मिळतो. हा साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच आणि गिअर यंत्र हलवतं एवढंच. त्यात गिअर ऑइल लागतं, एटीएफ नाही. लिव्हरवर ‘पी’ची जागाच नसेल तर गाडी बहुधा या गटातली.

४. ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी किंवा डीएसजी. यांचं ऑइल आणि पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी आहे. हा लेख त्यांना लावू नका.

तपासा: कंपनीच्या पुस्तकाच्या शेवटी ऑइलचा तक्ता असतो. त्यातून ऑइलचं नाव, एकूण क्षमता आणि एका वेळी बदलायचं प्रमाण वहीत उतरवून घ्या. हे आकडे हातात नसतील तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

## टप्पा २: ऑइल नावानं घ्या, रंगानं नको

या कामातला सगळ्यात महागडा घोटाळा दुकानाच्या काउंटरवर होतो. ‘ऑटोमॅटिकला लाल ऑइल लागतंय, हे घ्या की,’ म्हणून जो डबा पुढं येतो तो पुष्कळदा पॉवर स्टिअरिंगसाठी विकला जाणारा, जुन्या डेक्सरॉन प्रतीचा असतो. लाल तोही आणि लाल तुमचंही. पण आजकालच्या सहा गिअरच्या पेट्यांना पातळ ऑइल लागतं आणि क्लचची पकड जुळावी म्हणून त्यात ठरावीक घटक मिसळलेले असतात. जुन्या प्रतीच्या ऑइलवर गाडी सुरुवातीला चालते, म्हणून फसगत लक्षात येत नाही. पुढं गिअर पडताना धक्के बसायला लागतात.

नावं अशी असतात: टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या बऱ्याच सहा गिअरच्या ऑटोमॅटिकना एसपी-४, होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकना डीडब्ल्यू-१ आणि सीव्हीटीला एचसीएफ-२. एकाच कंपनीची ही शेवटची दोन नावं बघा. त्यांची अदलाबदल केली तर होंडाची गाडी होंडाच्याच ऑइलनं बिघडेल. डब्यावर ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेलं ऑइल मी घेऊ देणार नाही. गाडीच्या कंपनीचं ऑइल घ्या, नाहीतर नामांकित कंपनीच्या ज्या डब्यावर तुमच्या ऑइलचं नाव स्पष्ट छापलंय तोच डबा घ्या.

बेळगावात अधिकृत सेंटरच्या पार्ट्स काउंटरला चौकशी करा. शिल्लक नसेल तर ते मागवून देतात, त्याला दोन-चार दिवस जातात. चिकोडी, अथणी, खानापूरच्या लोकांनी आधी फोन करूनच निघावं. बिलावर पार्ट नंबर घ्या, डब्याचं सील तपासा. पुस्तकातल्या ‘एका वेळच्या’ प्रमाणापेक्षा किमान एक लिटर जास्त घ्या. काम अर्ध्यावर असताना ऑइल संपलं तर गाडी स्टँडवर आणि तुम्ही रिक्षात, अशी वेळ येते.

त्याचबरोबर काढायच्या, भरायच्या आणि पातळीच्या नटांचे नवे वायसर घ्या. तांब्याचे किंवा अॅल्युमिनिअमचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं झाकण, खोलणार असाल तर गॅस्केट आणि फिल्टरही आधीच आणून ठेवा.

## टप्पा ३: जागा आणि सामान

जागा सपाट हवी, आणि ही गोष्ट मी जोर देऊन सांगतोय. आपली अंगणं पावसाचं पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम उतरती केलेली असतात. डोळ्याला तो उतार दिसत नाही, ऑइलच्या पातळीला दिसतो. गवंड्याची पाणसळ आणून जमिनीवर आडवी आणि उभी, दोन्हीकडून लावून बघा.

जमीन कसली आहे तेही बघा. खानापूरकडची तांबडी माती पावसाळ्यात मऊ पडते आणि अथणी-चिकोडीकडची काळी माती त्याहून जास्त. त्यात जॅक स्टँडचे पाय रुततात. शहाबादी फरशी वरून भक्कम दिसते, पण खाली पोकळी असेल तर एका पायावर भार आला की ती तडकते. काँक्रीट उत्तम. नाहीतर प्रत्येक स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीची सागाची किंवा तत्सम टणक लाकडाची फळी द्या.

घरी अशी जागा नसेल तर गाडी धुण्याच्या सेंटरमधला खड्डा किंवा रॅम्प दोन-तीन तास मागून घ्या. गाडी समपातळीत उभी राहते आणि निम्मा धोका कमी होतो. मला विचाराल तर पहिल्या वेळी हाच मार्ग धरा.

सामान: चार जॅक स्टँड, ट्रॉली जॅक, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, नटांच्या मापाचे सॉकेट आणि एलन की, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं, म्हणजे टॉर्कनं, नट आवळायचा पाना), लिटरच्या खुणा असलेला पारदर्शक कॅन, रुंद तोंडाचं घमेलं, लांब नळीचं नरसाळं किंवा हातपंप, डोळ्यांना चष्मा, रबरी हातमोजे. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमधून एका दिवसासाठी आणा. शिवाय तापमान बघायला ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची जागा) लावायचं ब्ल्यूटूथ यंत्र आणि मोबाइलमधलं अॅप. अॅपमध्ये ‘ट्रान्समिशन ऑइलचं तापमान’ तुमच्या गाडीसाठी दिसतंय का ते आदल्या दिवशी बघून ठेवा. इंजिनाच्या पाण्याचं तापमान वेगळं, त्यावर हे काम करता येत नाही.

सावधान: गॅरेजमध्ये हात पुसायला असतं ते कॉटन वेस्ट या कामात आणू नका. त्याचे धागे सुटतात. गिअरबॉक्समधली व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे बारीक वाटांचं जाळं असतं, एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. धागे न सोडणारं स्वच्छ फडकं वापरा.

## टप्पा ४: गाडी उचला

नवं ऑइल आदल्या रात्री गाडीजवळच ठेवा. सकाळी गाडी पाच-दहा मिनिटं फिरवून आणा. ऑइल कोमट हवं, कढत नको. लांबून आलेल्या गाडीचं ऑइल ८० अंशांच्या वर असतं आणि मनगटावरून ओघळलं तर कातडी भाजते. लांबून आला असाल तर दोन-तीन तास थांबा.

लिव्हर ‘पी’मध्ये, हँडब्रेक ओढलेला. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ‘पी’ फक्त ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते तीच चाकं अडवतो. पुढची चाकं ओढणारी गाडी पुढून उचललीत की ‘पी’चा उपयोग संपला, गाडी केवळ मागच्या हँडब्रेकवर उभी असते. इनोव्हासारखी मागची चाकं ढकलणारी गाडी मागून उचललीत तर ‘पी’ आणि हँडब्रेक दोन्ही हवेत जातात. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक आणि स्टँड लावा. चारही चाकं उचलून चार स्टँडवर गाडी समपातळीत आणा. नुसती पुढून उचललेली गाडी ऑइल काढायला चालेल, पातळी बघायला चालणार नाही.

तपासा: गाडीखाली जाण्याआधी दाराच्या खांबाला धरून गाडी जोरात हलवा. किंचितही डुगडुगली तर खाली उतरवून पुन्हा लावा. गाडीबरोबर येणाऱ्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. तो पंक्चर काढण्यापुरता असतो.

## टप्पा ५: भरायचा नट आधी खोला

लेखाच्या शीर्षकात हे घातलंय ते उगीच नाही. ऑइल काढून टाकलं, मग भरायचा नट खोलायला गेलं, तर तो गंजून जाम बसलेला. जोर लावला, नटाचं डोकं गोल झालं. आता ऑइल बाहेर आहे, आत भरायला वाट नाही आणि गाडी सुरू करून गॅरेजलाही नेता येत नाही. टोइंगचे पैसे आणि वर मनस्ताप.

म्हणून क्रम असा:

१. तिन्ही नट ओळखा: भरायचा, काढायचा आणि पातळीचा. काही गाड्यांत काढायचा आणि पातळीचा एकच असतो. पुस्तकातल्या चित्राशी जुळवा.

२. इंजिनाचा नट वेगळा ओळखून त्यावर खडूनं खूण करा. चार चाकं ओढणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलचे नटही जवळपासच असतात. गिअरबॉक्सचं समजून इंजिनाचं ऑइल सोडणारे, आणि वर गिअरबॉक्समध्ये जादा ऑइल भरणारे लोक दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गॅरेजला भेटतात.

३. नटांभोवतीची माती ब्रशनं कोरडी झाडा, मग थोडं डिझेल लावून पुसा. पाण्याचा प्रेशर मारू नका. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा थर पावसाळ्यानंतर दगडासारखा बसलेला असतो, त्याला वेळ द्या.

४. भरायचा नट खोलून हाताला येईल इतका सैल करा. सुटत नसेल तर काम तिथंच थांबवा आणि गाडी तशीच गॅरेजला न्या. ऑइल अजून आत आहे, काही बिघडलेलं नाही.

## टप्पा ६: काढा, मोजा, बघा

घमेलं खाली धरून काढायचा नट खोला. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो: अर्धा कप ऑइल येतं आणि धार बंद. ऑइल संपलेलं नसतं. अनेक सीलबंद, म्हणजे डिपस्टिक नसलेल्या, गिअरबॉक्समध्ये त्या भोकाच्या आत एक उभी नळी असते, पातळी तिच्या वरच्या तोंडावरून ठरते. बाहेरचा नट काढला की फक्त नळीच्या वरचं ऑइल येतं. खालचं काढायला आत एलन की घालून ती नळी फिरवून काढावी लागते. परत लावताना ती हलक्या हातानं, पुस्तकातल्या टॉर्कनंच आवळायची. ती बहुधा प्लास्टिकची असते.

धार थांबून थेंब येऊ लागले की पंधरा-वीस मिनिटं सोडून द्या. मग सगळं ऑइल खुणांच्या कॅनमध्ये ओतून मोजा आणि आकडा लिहा. सांडलेलंही अंदाजे धरा. जेवढं निघालं तेवढंच पहिल्यांदा भरायचं असतं, म्हणून हा आकडा पुस्तकातल्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. मोजायच्या आधी ऑइल टाकून देणाऱ्याला पुढं अंदाजावर जगावं लागतं.

आता ऑइल बघा. थोडं पांढऱ्या कागदावर टाका.

- तपकिरी लाल, वास सौम्य: वापरानं असं होतंच. पुढं चला.
- काळं आणि करपल्याचा वास: क्लचचं अस्तर जळतंय. बदला, पण गिअरबॉक्स लवकर दाखवा.
- दुधाळ गुलाबी: आत पाणी गेलंय. रेडिएटरमधला कूलर फुटून शीतकाचं पाणी मिसळतं किंवा गाडी पाण्यात उभी राहिल्यावर हवेच्या नळीतून आत जातं. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला की कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभाकाठच्या गावांत कितीतरी गाड्या पाण्यात जातात. अशी सेकंडहँड गाडी घेतली असेल तर ही खूण विशेष बघा. दुधाळ ऑइल दिसलं तर घरचं काम इथं संपलं. गाडी सुरू न करता उचलून न्या.

नटाला किंवा पॅनच्या तळाला चुंबक असतो. त्यावर मलमासारखा राखाडी थर असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचतील असे तुकडे किंवा चकचकीत कपच्या निघाल्या तर आत काहीतरी तुटतंय.

## टप्पा ७: पॅन आणि फिल्टर, फक्त गरज असेल तर

काही गाड्यांत पॅन काढला की फिल्टर समोर दिसतो. काही पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत फिल्टर आतच असतो, गिअरबॉक्स उघडल्याशिवाय हाती लागत नाही. दुसऱ्या प्रकारात त्याच्या मागं लागू नका, हा टप्पा सोडा.

पॅन काढताना एका कोपऱ्याचे बोल्ट शेवटी ठेवा, म्हणजे उरलेलं ऑइल त्या कोपऱ्यातून हळू निघेल. पॅन तिरपा ढिला करा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कडेवर ओरखडा पडला की गळती कायमची. फिल्टर ओढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का बघा. पुष्कळदा ती वर भोकातच चिकटून राहते, नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसते आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढायला लागतो. दोन दिवसांनी गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर हलायला वेळ लावते, आणि दोष नव्या ऑइलला दिला जातो.

चुंबक पुसून होते त्याच जागी ठेवा. गॅस्केट असेल तर वरून सिलिकॉन लावायचं नाही. त्याचा बाहेर आलेला भाग आत तुटून पडतो. बोल्ट आधी सगळे हातानं लावा, मग समोरासमोरचे जोडीजोडीनं आवळा. हे बोल्ट बारीक असतात, त्यांचा टॉर्क साधारण ७ ते १२ न्यूटन-मीटर एवढाच, नेमका आकडा पुस्तकातून घ्या. चाकाचा नट आवळणारा हात इथं लावला तर अॅल्युमिनिअमची चूडी उतरते आणि मग गाठ वेल्डिंगवाल्याशी.

## टप्पा ८: भरा

काढायचा नट नव्या वायसरनं, टॉर्क रेंचनं आवळा. भरायच्या वाटेनं, जेवढं निघालं बरोबर तेवढंच नवं ऑइल हळूहळू घाला. फिल्टर बदलला असेल तर थोडं जास्त लागेल, ते पातळी बघताना कळेल.

मग गाडी सुरू करा. एक माणूस सीटवर, पाय ब्रेकवर घट्ट. लिव्हर ‘पी’तून ‘आर’, ‘एन’, ‘डी’ असा नेत प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबायचं आणि तसंच परत ‘पी’त यायचं. असं दोन-तीनदा. यानं ऑइल सगळ्या वाटांत भरतं.

सावधान: चारही चाकं वर असताना ‘डी’ पडला की चाकं फिरायला बघतात. हे चालू असताना गाडीखाली कुणीही नको, पोरं आणि कुत्रं अंगणाबाहेर. सीटवरचा माणूस मोबाइल बघणारा नको.

## टप्पा ९: पातळी, सगळं काम इथं ठरतं

सात लिटर ऑइल ३० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरनं फुगतं. म्हणजे थंड असताना बरोबर दिसलेली पातळी गरम झाल्यावर जास्त होते आणि गरम असताना बरोबर दिसलेली थंडपणी कमी. म्हणून ‘किती’ या प्रश्नाला ‘किती अंशाला’ हे जोडल्याशिवाय उत्तर नाही. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, क्लच घसरतात. जास्त झालं तर फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात, फेसातून दाब मिळत नाही, म्हणून परिणाम तोच. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा इंजिनाकडून आलेला समज इथं सोडून द्या.

डिपस्टिक असलेली गाडी: बहुतेकांत गाडी वीस-तीस मिनिटं चालवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये पातळी बघतात. डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतील तर गरम धरा. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र उलट: इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांत बघायचं. तुमची गाडी कुठल्या गटातली ते पुस्तकात बघा. डिपस्टिक पुसून दोनदा बुडवा, पहिल्या वेळी नळीच्या कडांचं ऑइल लागून पातळी खोटी दिसते.

डिपस्टिक नसलेली, सीलबंद गाडी:

१. ऑइलचं तापमान अॅपवर बघा. तपासायची मर्यादा प्रत्येक गाडीची ठरलेली असते, अनेकांत ती ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते. तुमच्या गाडीची पुस्तकातून किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

२. ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर निघून जाते. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडं सावलीतच पारा ३५ च्या वर असतो, गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांत संधी हुकते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. बेळगावची सकाळ त्या दिवसांतही थंड असते.

३. इंजिन चालू, लिव्हर ‘पी’त, एसी बंद. तापमान मर्यादेत आलं की पातळीचा नट काढा. आत नळी असेल तर तिला हात लावू नका.

४. धार आली तर जादा ऑइल निघू द्या. धार बारीक होत थेंबांवर आली, की पातळी बरोबर. त्याच क्षणी नट लावा.

५. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे. नट लावून वरून पाव लिटर घाला, पुन्हा बघा. या खटाटोपात तापमान मर्यादेच्या वर गेलं तर घाई करू नका. इंजिन बंद करा, ऑइल निवू द्या, मग पुन्हा. ६० अंशांवर थेंब आले म्हणून ‘झालं’ म्हणणाऱ्याच्या गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी राहतं.

सावधान: इथं इंजिन चालू असताना गाडीखाली हात जातो. सायलेन्सरचा पाइप जवळ आणि तापलेला असतो. सैल बाही आणि ओढणी नको. अंगण बंदिस्त असेल तर धूर साठू नये म्हणून दारं उघडी टाका.

ओबीडी यंत्र नसेल तर पॅनवर रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर चालवून घेता येतो, पण तो बाहेरच्या पत्र्याचं तापमान सांगतो, आतलं ऑइल त्याहून काही अंश गरम असतं. मी तो नाइलाज म्हणूनच धरतो.

## टप्पा १०: एकदा काढून सगळं ऑइल बदलत नाही

टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमधलं ऑइल खालच्या नटानं येत नाही. एकूण सात लिटर असेल आणि एका वेळी तीन लिटर निघत असेल, तर पहिल्या वेळी नवं ऑइल साधारण ४३ टक्के होतं, दुसऱ्या वेळी ६७ आणि तिसऱ्या वेळी ८१. दरवेळी निघणाऱ्या ऑइलबरोबर थोडं नवंही जात असतं, म्हणून पूर्ण शंभर कधी होत नाही आणि व्हायची गरजही नाही.

दोन वेळांच्या मध्ये गाडी नीट चालवा, म्हणजे जुनं-नवं मिसळेल. बेळगावहून खानापूरला जाऊन परत आलात तर पुरे, सगळे गिअर पडतात. नियमित बदललेल्या गाडीला एक वेळ पुरते. आजवर कधीच न बदललेल्या गाडीला मी दोन किंवा तीन वेळा, मध्ये काही दिवस ठेवून करायला सांगेन. अशा गाडीला मशीन लावून दाबानं सगळं ऑइल एका दमात फिरवून घेण्यापेक्षा हा सावकाश मार्ग बरा.

काही गाड्यांना ऑइल बदलल्यावर स्कॅनर लावून गिअरबॉक्सची शिकवण (गिअर कसे टाकायचे याची संगणकातली नोंद) नव्यानं करावी लागते. पुस्तकात तसं असेल तर तेवढ्यापुरतं गॅरेजला जा.

## टप्पा ११: जुनं ऑइल आणि पुढचे आठ दिवस

काढलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा, इंजिन ऑइलच्या डब्यातही मिसळू नका. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. ते गोळा करून पुढं पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. शेताच्या कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून किंवा स्लॅबच्या प्लेटांना लावायला हे ऑइल मागून नेतात. देऊ नका, ते मातीत आणि तिथून विहिरीत उतरतं. आपल्याकडं घराघरांत विहिरी आहेत, आणि कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा तर खानापूर तालुक्याच्या मधूनच वाहते. गटारात ओतलेलं शेवटी तिथंच जाणार.

रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरा. सकाळी डाग दिसला तर आधी तो कुठल्या नटाखाली आहे ते बघा. एसीचं पाणी सुकून जातं, ऑइलचा डाग तेलकट आणि लालसर राहतो. नट गळत असेल तर आणखी आवळू नका. टॉर्क बरोबर असून गळतंय म्हणजे वायसर वाकडा बसलाय किंवा मध्ये माती राहिलीय. ऑइल परत काढून, जागा पुसून, नवा वायसर घाला.

पहिल्या आठवड्यात घाट टाळा. चढावर गिअर बदलताना धक्का, ‘डी’ टाकल्यावर उशीर किंवा आवाज जाणवला तर सगळ्यात आधी पातळी पुन्हा तपासा, तीही ठरलेल्या तापमानाला. वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचं नाव आणि पार्ट नंबर, किती निघालं, किती भरलं आणि किती अंशाला पातळी घेतली, हे लिहून वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. गाडी पुढं कुठल्या मेस्त्रीकडं गेली तर त्याला विचारायचं पहिलं तेच असतं.